बहिरीला बार ऐकू येतो

दिवाळीच्या पंधरवड्यात तेरखेड्याच्या माणसाला सगळं जग ओळखतं. लग्नात, मिरवणुकीत आणि निवडणुकीच्या निकालादिवशीही ओळखतं. एरवी पाहुण्यारावळ्यांत गेलो आणि फटाक्याचा धंदा आहे म्हणून सांगितलं, की प्रश्न ठरलेला, "मग बाकीचं वर्षभर काय करता?" या अंकाच्या संपादकांनीही फोनवर तोच विचारला. मी म्हणालो, "पोपट हाकलतो." ते खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मग म्हणाले, त्यावरच लिहा. लेखणीची मला सवय नाही, वातीची आहे. तेव्हा कुठं फुसका निघालो तर सांभाळून घ्या.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. आमच्या धंद्यात दारू म्हणजे उडवायची दारू. पिणाऱ्याला आमच्या शेडमध्ये पाऊल ठेवता येत नाही. शेड गावापासून लांब आणि एकमेकींपासूनही लांब, एकीचं दुखणं दुसरीला लागू नये म्हणून. दारात पाण्याचा हौद, त्यावर ओली पोती. पायातली जोडवी, हातातलं कडं, मोबाईल, सगळं दाराबाहेर. बायका कागदाच्या नळ्या वळतात, पुरुष सुतळी आवळतात, माल उन्हात वाळतो. आत गप्पा मारायला बंदी नाही, घाई करायला आहे. घाई केलेली माणसंही मी पाहिलीत आणि त्यांच्या घरी जाऊन बसलोय. ते या अंकात लिहीत नाही. आता माझे हात थरथरतात, म्हणून मी स्वतःच शेडमधून उठलो. थरथरता हात दारूजवळ नसावा.

तर दिवाळी, लग्नसराई सोडून आमचा एक माल शेतात जातो. त्याला आम्ही राखणीचा बार म्हणतो. काथ्याचा सुंभ घ्यायचा, त्याच्या पिळात ठरावीक अंतरावर एकेक बार खोचायचा आणि रानात बांबूला टांगून खालचं टोक पेटवून द्यायचं. सुंभ धुमसत धुमसत वर जातो, बारापाशी पोचला की बार उडतो. शेतकरी तिकडं हरभऱ्याला पाणी देतोय आणि इकडं त्याच्या वतीनं आमचा सुंभ राखण करतोय. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या धंद्यात पीळसुद्धा जळतो, आणि गिऱ्हाइकाचा पीळ मात्र शिल्लक राहतो.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटली! परंड्याकडचे एक बागायतदार तावातावानं आले. म्हणाले, "तुमचा माल लई इमानदार हाय. बरोबर ठरल्या टायमाला वाजतो. पोपटांनी टाइमटेबल पाठ केलंय. बार वाजायच्या आधी उडत्यात, वाजला की परत बसत्यात." माल चांगला म्हणून शिव्या खाल्लेला मी एकटाच असेन. तेव्हापासून आम्ही अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवायला लागलो. दुसरे एकजण आले, त्यांना असा बार पाहिजे होता जो पोपटाला ऐकू जाईल पण त्यांच्या बैलाला ऐकू जाणार नाही. बैल बुजायचा. मी म्हणालो, "मालक, तसला बार बनवायला तुमच्या पोपटाला आणि बैलाला वेगवेगळ्या भाषा शिकवाव्या लागतील." त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि बैलाला लांब बांधायचं कबूल केलं.

पण मला सांगायचंय ते गंगाक्काचं.

गंगाक्का कळंबच्या अलीकडच्या एका गावातली. माहेर उमरग्याच्याही पलीकडचं, त्यामुळं राग आला की कानडी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आवाज असा की आमच्या बाराची गरज पडू नये. थंडीच्या तोंडाला ती शेडवर आली ती सुनेच्या स्कुटीवर मागं बसून. सून स्नेहल, शिकलेली, डोक्यात सतत काहीतरी चालू असणारी पोरगी. तिनं घरामागं लाकडी घाणा बसवला होता. घाण्याला सूर्यफूल आपल्याच रानातलं घालायचं, असा तिचा हट्ट. आमच्याकडं एके काळी सूर्यफुलाची पिवळीधमक शिवारं होती. मग लोक सोयाबीनकडं वळले, ऊस आला आणि सूर्यफूल गेलं. आता अख्ख्या शिवारात हिचं एकटीचंच. म्हणजे चार गावच्या पोपटांना जेवणाची एकच पंगत.

"दादा, गिळी बंतु!" अक्का म्हणाली.

मी सुनेकडं बघितलं. ती हसून म्हणाली, "पोपट आले म्हणतात. कानडीत पोपटाला गिळीच म्हणतात."

"नाव बराबर ठिवलंय आमच्या माणसांनी," अक्का म्हणाली. "गिळत्यातच. फुलावर बसायचं, मुंडी खाली घालायची, एक दाना खायाचा अन् चार खाली टाकायचं. खाऊन खाऊन किती खातील? पर नासधूस लई."

मी बार दाखवले. अक्कानं एक बार हातात घेऊन उलटासुलटा केला आणि अट घातली. तिच्या रानात पाखराला इजा व्हायची नाही. नुसतं भिववायचं. "माझ्या गळ्यात लिंग हाय दादा. रानात रगत सांडायचं न्हाय. पाखरू उडावं, मरू नये. हाय का असला बार?"

मी छाती फुगवून म्हणालो, "अक्का, माझ्या बारानं रानात आजवर मुंगी मेलेली नाही."

खरंच होतं ते. सांगतानाही बरं वाटलं.

पुढचे काही दिवस उत्तम गेले. बार वाजायचा, पोपट भुर्रकन उठायचे, कलकलाट करत वडाकडं जायचे. अक्काचा फोन यायचा, "पळाली बघा गिळी!" स्नेहल घाण्याच्या लाकडाला तेल पाजून तयार होती. फुलांमध्ये दाणा भरायला लागला होता. एवढं पीक हाताशी लागलं तर घाणा चालणार, नाही लागलं तर घरातले पुरुष म्हणायला मोकळे, की आम्ही आधीच सांगितलं होतं, सोयाबीन-हरभरा बरा. स्नेहलचा नवरा तसं हसत हसत म्हणतही होता. पण हसत बोललेलंच कधी खरं ठरतं, हे सासू-सून दोघींना माहीत होतं.

मग एका सकाळी स्नेहलचा फोन आला. माझा डावा कान आयुष्यभराच्या बारांनी घेतलाय, म्हणून मी फोन उजव्या कानाला लावतो. तरी जे ऐकलं ते बरोबरच ऐकलं होतं.

"काका, रानात बहिरी आलीय. तुमचा बार वाजला की लगेच येते. तुम्ही एकदा येऊन बघाच."

आता माझ्या जागी स्वतःला ठेवून बघा. आमच्यात वात पेटवण्याआधी ओरडायचं असतं, "बार हाय!" ऐकलं की माणूस लांब होतो. ज्याला ऐकूच येत नाही असं माणूस शेतात असणं, म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट स्वप्न. मला वाटलं, अक्कानं राखणीला एखादी बहिरी बाई लावली. बिचारीला ओरडणं ऐकू येत नाही, धूर दिसला की काय झालं म्हणून बघायला बारापाशी येते. हातातला चहा मी तसाच ठेवला, शेडच्या दारावरचं लाल फडकं काढून घेतलं आणि गाडीला किक मारली. येरमाळ्यावरून कळंब रस्त्याला लागेपर्यंत देवाचं नाव घेत होतो.

अक्का लिंबाच्या झाडाखाली निवांत बसली होती. हातात सुपारी.

"कुठं हाय ती?" मी गाडीवरनंच ओरडलो.

"कोन?"

"बहिरी!"

"ती काय, वर बसलीय." अक्कानं बोट केलं. शेजारच्या रानातून मोठ्या लाईनीचे टॉवर जातात, त्यातल्या एका टॉवरकडं.

"अक्का! बाई टॉवरवर चढलीय आणि तुम्ही सुपारी कातरताय?" असं म्हणत मी लाल फडकं डोक्यावर फिरवत टॉवरकडं धावलो. बहिरीला हाक मारून उपयोग नाही, म्हणून नुसता नाचत होतो. "खाली ये, खाली ये," हातानं खुणा करत होतो. ढेकळात धोतराचा सोगा अडकला, पडता पडता वाचलो. मागं बघतो तर सून पोट धरून खाली बसलेली आणि अक्का पदर तोंडाशी धरून हलतेय.

"काका, बाई नाही हो! पक्षी! बहिरी ससाणा!"

मग स्नेहलनं दुर्बीण माझ्या हातात दिली. कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणीला पक्ष्यांचा नाद, तिच्याकडून मागून आणली होती. टॉवरच्या टोकाला पाठीनं निळसर राखी, पोटानं फिकट, अंगापिंडानं घट्ट असं एक पाखरू बसलं होतं. डोळ्यांखाली काळ्या, खाली वळलेल्या मिशा. आमच्याकडं अशा सगळ्यांना आम्ही सरसकट घार म्हणून मोकळे होतो. फार तर शिक्रा, तोही कोंबडीचं पिल्लू नेलं तर. हे काही वेगळंच होतं. रुबाब असा, की जसं हे सगळं शिवार तिच्या नावावर आहे.

"ही मादी," स्नेहल म्हणाली.

"मग मिशा कशाला?" अक्कानं विचारलं. मग उत्तराची वाट न बघता अक्कानं तिचं नाव मिशीवाली ठेवलं.

तेवढ्यात बांबूवरचा सुंभ बारापाशी पोचला. धडाम झालं. पोपटांचा थवा एका अंगानं उठला. पिवळ्या रानातून हिरवा पदर झटकल्यासारखा. आणि टॉवरवरची ती आधीच हवेत होती. आकाशात ती कुठवर चढली ते मला दिसलंच नाही. दिसलं ते परत येताना. पंख मिटून, दगड होऊन ती खाली आली. आणि आवाज आला. कापडाच्या दुकानात मांजरपाट टर्रकन फाडतात तसा. मी नकळत उजवा कान तिकडं वळवला. आयुष्यभर मी आवाज बनवले. त्या सगळ्यांत भारी आवाज तो होता आणि त्यात दारूचा कण नव्हता. थव्यात हिरवी पिसं उडाली, ती एक पोपट पायांत धरून टॉवरकडं निघून गेली. खरं सांगायचं तर मी टाळी वाजवणार होतो.

अक्काकडं बघितलं आणि हात खाली घेतले. एक हिरवं पीस तरंगत येऊन सूर्यफुलाच्या पानावर पडलं होतं. अक्का त्याच्याकडं बघत होती.

त्या दिवशी शेडवर परतल्यावर मी रशीदचाचांना ही गोष्ट सांगितली. रशीदचाचा म्हणजे आमच्या शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, माझ्याहूनही वडील. मी त्यांना म्हणालो, "चाचा, बहिरी हे नाव बरोबर हाय बघा. एवढा मोठा बार वाजला, सगळी पाखरं पळाली, ही मात्र आवाजावर चालून येते. बहिरीच असणार."

चाचा सुतळी आवळता आवळता हसले. "अरे बाबा, बहिरी म्हंजे ती बहिरी न्हवं. असल नाव बहरी. बहर म्हंजे समंदर. दर्यापलीकडनं येती म्हणून बहरी. आमचे दादाजान सांगायचे, निजामाच्या वक्ताला शौकीन लोक हातावर बसवून फिरायचे. तिला सगळं ऐकू येतं. बहिरे तुमी-आमी झालो."

आम्ही दोघंही हसलो, एकमेकांच्या बऱ्या कानाकडं तोंड करून.

चाचांचं बरोबर होतं. तिला ऐकू येत होतं म्हणूनच तर सगळा घोटाळा. बार वाजला की पोपट आंधळ्यासारखे एकदम उठतात, हे तिनं ओळखलं होतं. आमच्या बारानं तिच्यासाठी शिकार उठवून द्यायची आणि तिनं वरून उचलायची. परंड्याच्या पोपटांनी आमचं टाइमटेबल पाठ केलं, हिनं तर आम्हालाच नोकरीला ठेवलं!

मला यात मौज वाटत होती. अक्काला नाही. दोनच दिवसांनी ती शेडवर आली. या वेळी एसटीनं, एकटी. उरलेले सुंभ पिशवीत. पिशवी तिनं माझ्यापुढं ठेवली.

"दादा, तुमी म्हनला व्हता मुंगी मरनार न्हाय."

"अक्का, बारानं कुठं मारलं? त्या पाखरानं मारलं."

"बार वाजला म्हनून ती उठली. उठली म्हनून घावली. म्हंजे धरून कोनी दिलं? आपुनच न्हवं?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "मिशीवालीचं काय चुकलं न्हाय. ती पोटासाठी मारती. आपुन पोत्यासाठी मारवतोय."

मी पिशवी ठेवून घेतली.

म्हणजे बार बंद. स्नेहल दुसऱ्या दिवशी फोनवर रडकुंडीला आली होती. "काका, आईंना समजवा. पोपट परत बसायला लागलेत. आठवड्यात फुलांच्या चाळण्या होतील." मी काय समजवणार? माझा माल विकायला मी सासूला धर्म सोडायला सांगू? शिवाय, खरं सांगतो, अक्काचं पटलं होतं. तरी रानाची काळजी वाटत होती म्हणून बघायला गेलो. बार न घेता शेतात जायची माझी ती पहिलीच वेळ. हात मोकळे मोकळे वाटत होते.

अक्का स्वतः राखणीला उभी होती. पत्र्याचा डबा आणि तिचा घसा, एवढीच हत्यारं. "होग, होग!" म्हणजे जा, जा, आणि वर पोपटांना कानडीतून शिव्या. पोपट एका कडेनं उठायचे, दुसऱ्या कडेला बसायचे. मग मिशीवाली टॉवरवरून निघाली. अक्का डबा वाजवायची थांबली.

या वेळी कुणी बार वाजवला नव्हता. पोपटांचे डोळे उघडे होते. एकानं तिला पाहिलं, ओरडला, सगळा थवा एकमेकांना चिकटून असा वळला, की ती मधून नुसतीच निघून गेली. रिकाम्या पायांनी. पुन्हा चढली, पुन्हा आली, पुन्हा चुकली. पोपट जीव घेऊन वडाकडं पसार झाले आणि वडातून तिला शिव्या घालत बसले. त्या शिव्या मात्र कोणत्या भाषेत होत्या कुणास ठाऊक.

चिडलेली मिशीवाली मग तारेवर बसलेल्या चासामागं लागली. चास म्हणजे निळ्या पंखांचं ते पाखरू, ज्याला लोक नीळकंठही म्हणतात. नीळकंठ म्हणजे खुद्द महादेव. अक्काचा सगळा संयम सुटला. डबा घेऊन ती बांधावरून धावत सुटली. "अगं ए सोड! म्हादेवाचा हाय त्यो! सोड म्हन्ते ना!" चासानं हवेत अशी कोलांटी मारली की निळे पंख नुसते उन्हात लखलखले, आणि तो बोरीच्या झुडपात घुसला. मिशीवाली पुढं निघून गेली. अक्का धापा टाकत बांधावर बसली आणि हसायला लागली. मीही हसायला लागलो.

"चुकती की हो ती!" अक्का म्हणाली. "लई येळा चुकती."

"बार नसला की चुकती," मी म्हणालो.

अक्कानं टॉवरकडं मान वर केली. मग म्हणाली, "मंग ठीक हाय. तिचं ती बघंल, त्येंचं त्ये बघतील. आपुन मधी पडायचं न्हाय. म्हादेवानं दोघांना पंख दिल्यात."

आणि गंमत बघा. आठवडाभरात पोपटांनी ते रान सोडलं. आमच्या बाराला जे जमलं नाही ते टॉवरवर नुसतं बसून तिनं केलं. बार खोटा असतो हे पोपटाला कळतं, ती खोटी नव्हती. येताना थवा लांबूनच टॉवरकडं बघायचा. तिथं तो राखी ठिपका दिसला की तसाच वळून जायचा. थोडीफार पाखरं कडेच्या फुलांवर यायचीच, आली तरी वर एक डोळा ठेवून घाईघाईनं खायची. त्या कडेच्या ओळी अक्कानं कापल्याच नाहीत. "त्यांचा वाटा," म्हणाली. "तिचा वाटा ती घेती, माझा मी घेते, गिळीचा गिळीला."

म्हणजे माझा धंदा एका पाखरानं खाल्ला. राखणीचे बार शेडमध्ये पडून आणि मी ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटलोय, की कळंबकडच्या एका रानात बाराविना राखण होते. मुलगा म्हणाला, "अण्णा, तुम्ही दुकान बंद करायची जाहिरात करताय." काय करणार, खरा माल दुसऱ्याचा असला तरी खरा म्हणावा लागतो.

फुलं वाळली, कापली, काठीनं झोडपून दाणे मोकळे केले. घाण्यातून पहिल्यांदा तेल निघालं तेव्हा मला बोलावणं होतं. पिवळंधमक तेल धारेनं भांड्यात पडत होतं, घरभर वास. स्नेहलच्या नवऱ्यानं बोट बुडवून चाटलं आणि कुणाकडं न बघता म्हणाला, "पुढच्या साली अजून एक एकर करू." स्नेहलनं तोंड फिरवून डोळे पुसले. अक्कानं एक वाटी भरून महादेवासाठी बाजूला काढली आणि भाकरीवर ताजं तेल, चटणी घालून मला ताट दिलं. आमच्या घरच्या लग्नातसुद्धा मी इतकं जेवलो नव्हतो. चैत्राच्या आधीच केव्हातरी मिशीवाली दिसेनाशी झाली. समुद्राकडं गेली असेल, नाहीतर जिथून आली तिकडं.

इथं संपायला हरकत नव्हती. पण अक्का म्हणजे अक्का. तिनं त्या उन्हाळ्यात गावभर सांगून टाकलं, की सूर्यफूल पेरा, राखणीची काळजी करू नका, आपली मिशीवाली हाय. आणि तिच्या शब्दावर पावसाळा सरल्यावर शेजारच्यांनी खरंच पेरलं. शिवारात कितीतरी वर्षांनी पुन्हा पिवळे पट्टे दिसायला लागले. दाणे भरत आले. पोपट आले, या खेपेला सगळे पाव्हणेरावळे घेऊन. टॉवर रिकामा.

लोक आधी हसण्यावारी नेत होते. "अक्का, तुमची राखणदारीन रजेवर हाय का?" मग हसणं कमी झालं. एकानं पारावर तोंडावर म्हटलं, "पाखराच्या भरवशावर पीक घ्यायला लावलं म्हातारीनं." अक्का कधी खाली बघत नाही, पण त्या दिवशी बघितलं म्हणे. स्नेहलनं मला फोन केला. "काका, आई जेवत नाहीत नीट. दुसऱ्यांच्या घरचं पीक गेलं तर माझ्यामुळं गेलं, म्हणतात."

संध्याकाळी खुद्द अक्काचा फोन. "दादा, एक बार आना."

माझा विश्वास बसेना. "अक्का, राखणीला?"

"राखनीला न्हवं. बोलवायला. तिला तुमचा आवाज ठावं हाय. जवळपास कुठं असंल तर ऐकंल." मग हळूच म्हणाली, "बहिरी न्हाय न्हवं ती?"

शेडमध्ये मुलगा आणि चाचा होते. चाचांनी स्वतःच्या हातानं एक बार आवळून दिला. म्हणाले, "ह्यो गिऱ्हाइकाचा न्हाय, पाव्हनीचा हाय. सुतळी जरा जास्त घेतली."

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो तर निम्मं गाव बांधावर. पोपट फुलांवर ताव मारत होते. मी सुंभ टांगायला लागलो तशी अक्कानं हात धरला. "थांबा. गिळी हायत अजून." पाखरं रानात असताना बार वाजवायचा नाही. बार वाजला, ती आली आणि पोपट आंधळ्यासारखे उठले, तर पुन्हा आपणच धरून दिल्यासारखं होईल. लोक कुरकुरले. ऊन चढायला लागलं. अक्का हलली नाही. शेवटी पोट भरून एकेक थवा वडाकडं गेला, शेवटचे दोन लबाड पोपट तिनं डबा वाजवून घालवले आणि रान पूर्ण रिकामं झाल्याची खात्री करून मला म्हणाली, "आता."

मी आधी "बार हाय!" अशी आरोळी दिली. मग वात पेटवली.

धडाम झालं. वडातली पाखरं झाडातच कालवली, कुत्री भुंकली, लांबच्या वस्तीवर कुणाचा तरी बैल हंबरला. मग सगळं शांत. आयुष्यभर माझ्या बारापुढं लोकांनी कानांवर हात ठेवले. त्या दिवशी बांधावरच्या सगळ्यांचे हात कपाळाला होते, उन्हाच्या आड, आणि सगळ्यांच्या माना वर. ज्यानं पारावर बोलून दाखवलं होतं त्याचीही. आकाश नुसतं निळं. मला टॉवरही धड दिसत नव्हता, डोळे भरून आले होते, धुरानं म्हणा.

स्नेहल दुर्बीण एकीकडून दुसरीकडं फिरवत होती. तिच्या दुर्बिणीत काही यायच्या आधीच अक्कानं लांबून येणाऱ्या राखी ठिपक्याकडं बोट वर केलं.